साहेबांचे दहा दिवस

नळाखाली एक पाय धरून, दुसऱ्या पायावर तोल सावरत उभ्या असलेल्या माणसावर आपला जीव जडेल, असं सिस्टरला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्यालाच आधी रांगेत बसवलं असतं. त्या खोलीत जीव जडवायला वेळ होता कुणाला? कुत्रा चावलेल्यांची खोली ती. सकाळी आठला दार उघडायचं, दुपारी तीनला लावायचं. मधल्या वेळात पन्नास-साठ माणसं — पोटऱ्या, मनगटं, बोटं, कधी एखादा गाल. सात वर्षं हेच. सात वर्षांत तिचा घसा बसला होता, पाठ धरली होती, आणि आपलं हसू कुठल्या कपाटात ठेवलंय ते तिलाच आठवत नव्हतं.

त्या सोमवारी तो लंगडत आला. खांद्याला पिशवी, हातात विजेच्या मीटरचे आकडे टिपायचं यंत्र, आणि डाव्या पोटरीवर उमटलेले चार दात. सिस्टरनं त्याच्याकडे न बघताच नळ दाखवला.

"साबण लावा. धुवा. परत लावा. पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटांत मी अख्खी गल्ली उरकतो, सिस्टर."

"मग आज गल्ली तुमच्याविना राहील."

तो हसला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नळाखाली उभा राहिला. सिस्टर घड्याळ धरून शेजारी थांबली. थांबावं लागायचंच. माणसं दोन मिनिटांत नळ बंद करून 'झालं' म्हणायची, आणि खरं औषध तर तो नळच होता. पाण्याचा आवाज, साबणाचा वास, वर कुरकुरणारा पंखा... त्या खोलीत त्यातल्या त्यात निवांत कोपरा म्हणायचा तर तोच.

"दुखतंय का?"

"पाय नाही दुखत. मन दुखतंय," तो म्हणाला. "मी त्या मावशींना तीनदा विचारलं, कुत्रा बांधलाय ना? त्या म्हणाल्या, आमचा चावत नाही हो, या बिनधास्त. नऊ वर्षं मीटर बघत हिंडतोय. चावणारा कुत्रा आजवर एकाही घरात निघाला नाही. मग माझी पँट आत्तापर्यंत चारदा फाडली कुणी?"

सिस्टरच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"हसलात," तो म्हणाला.

"नाही."

"थोडंसं..."

"साबण लावा."

पंधरा मिनिटं झाली. सिस्टरनं त्याला डॉक्टरांच्या टेबलासमोर बसवलं आणि मोठं रजिस्टर पुढं ओढलं. चावा कुठं घेतला, कधी, कुत्रा पाळीव की भटका. ती विचारत होती, तो सांगत होता, पेन आपोआप चालत होतं.

"पत्ता सांगा. कुत्र्याचा."

"पाण्याच्या टाकीमागची गल्ली. शेवटचं घर. निळं फाटक, आत पेरूचं झाड. आणि कुत्र्याचं नाव ऐकाल तर... साहेब!"

पेन थांबलं.

तो साहेब सिस्टरच्याच घरचा होता. नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं त्यांनी कचेरीत कारकुनी केली, साहेबासमोर कधी ब्र काढला नाही, आणि निवृत्त झाल्यावर एक पिल्लू आणून त्याचं नाव साहेब ठेवलं. मग काय विचारता! 'साहेब, खाली बसा! साहेब, चप्पल सोडा! साहेब, अक्कल आहे का?' म्हातारा दिवसभर खूष असायचा. दर वर्षी स्वतःच्या वाढदिवसाला साहेबाला पायी चालवत नेऊन लस टोचून आणायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. पहिल्या वर्षी सिस्टरनं आठवणीनं नेलं. दुसऱ्या वर्षी चार दिवस उशीर झाला. आणि या वर्षी... वडिलांचा वाढदिवस येऊन पाच महिने उलटले होते. त्या दिवशी खोलीत बहात्तर माणसं होती. घरी जाऊन ती नुसती आडवी पडली होती. मग 'रविवारी नेऊ', 'पुढच्या रविवारी नेऊ' असं करता करता तिनं स्वतःला सांगायचंही सोडून दिलं.

"लस सगळी झालीय म्हणे," मीटरवाला डॉक्टरांना सांगत होता. "त्यांची मुलगी दवाखान्यातच कामाला आहे."

डॉक्टर तिच्याइतकेच थकलेले होते. त्यांनी जखम पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला. "घरचं कुत्रं, लस झालेली. मग नुसती लस देऊन भागवू. सीरमच्या बाटल्या आठच उरल्यात, सिस्टर."

सिस्टरनं रजिस्टरावरून मान वर केली. आत्ता बोलायला हवं होतं. एक वाक्य: सर, कुत्रं माझं आहे आणि त्याची लस चुकलीय. मागच्या भिंतीवर तिच्याच अक्षरातला फलक होता: 'आपल्या कुत्र्याला दर वर्षी लस द्या. कार्ड जपून ठेवा. बाहेर नेताना पट्टा लावा.' गेल्याच आठवड्यात लस चुकवली म्हणून तिनं एका आजोबांना इतकं झापलं होतं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नोकरी कंत्राटावरची, आणि कंत्राटावर नव्यानं सही याच महिन्यात व्हायची होती.

"सर, सीरम द्यायला हवं," ती म्हणाली. "रक्त आलंय. आणि कार्ड डोळ्यांनी बघितल्याशिवाय लस झालीय असं धरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

"सिस्टर, आठ बाटल्या..."

"सर, द्यायलाच हवं."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. लसीचा गुण येईपर्यंत विषाणूला थोपवणारं हे सीरम जखमेतच टोचतात, आणि ते भल्याभल्यांना रडवतं. तो रडला नाही, फक्त टेबलाची कड घट्ट धरून बसला. मग दंडावर लस. रजिस्टरात एक रकाना राहिला होता: कुत्र्याची लस — झाली, नाही, माहीत नाही. सिस्टरनं 'माहीत नाही'वर खूण केली. त्या एका खुणेनं पुढचे सहा दिवस तिची झोप उडवली.

"दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा," डॉक्टर त्याला म्हणाले. "खातंपितं, ठणठणीत राहिलं तर शेवटचे दोन डोस लागणार नाहीत. काही वेगळं दिसलं तर तसेच धावत इकडं या."

दारात थांबून त्यानं मागं पाहिलं. "सिस्टर, माझ्यासाठी तुम्ही डॉक्टरांशी भांडलात. लक्षात ठेवीन."

सिस्टरला त्या वेळी जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पुढचा माणूस अंगठा धरून उभा होता, आणि जमिनीलाही बहुधा वेळ नव्हता.

संध्याकाळी घरी आल्या आल्या आईनंच विषय काढला. "अगं, सकाळी तो मीटरवाला आला होता ना, साहेबानं त्याला जरासं धरलं."

"जरासं? चार दात लागलेत, आई! त्याला मोकळा कशाला ठेवलास?"

"तो कधी चावतो का?"

"सगळ्यांचे कुत्रे कधीच चावत नाहीत!" सिस्टर ओरडली, आणि ओरडताना तिला जाणवलं की हे वाक्य आपलं नाही. ती पायरीवर बसली. साहेब येऊन तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. आत्ताच नेऊन लस टोचावी, कार्ड भरून घ्यावं, असाही एक विचार मनात आला. पण चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस लस द्यायची नसते, नुसतं बांधून बघत राहायचं असतं, हे तीच रोज साठ जणांना सांगायची. तिनं साखळी काढली आणि साहेबाला पेरूच्या झाडाला बांधलं.

"तो विचारत आला तर मी कुठल्या दवाखान्यात असते ते सांगू नकोस. नोकरीचा प्रश्न आहे."

आईनं तोंड वाकडं केलं, पण मान डोलावली.

गुरुवारी तो दुसऱ्या डोससाठी आला, तोही दाढी-बिढी करून. सिस्टरनं हे पाहिलं, आणि आपण पाहिलं याचाच तिला राग आला.

"कुठला दंड?" त्यानं विचारलं.

"कुठलाही चालेल."

"तुम्हाला कुठला आवडतो?"

"मला न बोलणारा दंड आवडतो."

"तसला माझ्याकडं नाही. दोन्ही बोलके आहेत."

या वेळी कपाटाचं दार उघडलं आणि हसू बाहेर आलंच. तिनं घाईघाईनं कापूस शोधायचं सोंग केलं. टोचून झालं तरी तो उठेना. रांगही त्या दिवशी तोकडी होती.

"मी आता प्रत्येक घरी विचारतो," तो सांगू लागला. "मीटर बघायच्या आधी कुत्र्याचं कार्ड दाखवा म्हणतो. माझ्या हद्दीत एकसष्ट कुत्रे आहेत. तीन दिवसांत किती कार्डं दिसली असतील? अकरा! बाकीचे सगळे म्हणतात, झालंय हो, कुठंतरी ठेवलंय."

"वेळ मिळत नाही लोकांना," सिस्टर पुटपुटली.

"तुम्ही असं म्हणता? तुम्ही?"

ती काही वेळ सुया मोजत राहिली. मग कधी कुणाला न सांगितलेलं त्याला सांगून गेली. "मी नवीन होते तेव्हा एकाला आणलं होतं. घरच्याच पिल्लानं चावलं म्हणून तो आलाच नव्हता. दीड महिन्यानं आणला. पाणी मागायचा, आणि पेला जवळ नेला की..." तिनं सुयांचा डबा बंद केला. "एकदा ते सुरू झालं की आमच्या हातात काही राहत नाही. म्हणून मी सगळ्यांवर ओरडते."

त्यानं बाही खाली सारली. मग हळूच म्हणाला, "म्हणून त्या दिवशी भांडलात."

बरं वाटावं असं वाक्य, आणि ते बरोबर खुपेल तिथंच लागलं.

"मी रोज संध्याकाळी त्या निळ्या फाटकाशी जातो," तो उठता उठता म्हणाला. "साहेबांची हजेरी घेतो. मावशी चांगल्या आहेत. पण ती मुलगी! दवाखान्यात कामाला असून कुत्र्याचं कार्ड दाखवायला कधी घरात सापडत नाही. भेटली ना एकदा, चार शब्द सुनावणार आहे."

"सुनावा," सिस्टर म्हणाली. "चांगले सुनावा."

तो रोज तिच्या दारात येत होता, म्हणून ती रोज उशिरा घरी जाऊ लागली. तीनला खोलीला कुलूप लागलं की साठवणीच्या खोलीत पेट्या लाव, जुनी रजिस्टरं पूस, काहीही कर, पण सहापर्यंत वेळ काढ. घरी पोचली की आई सगळा वृत्तांत द्यायची. तो साहेबाशी फाटकाबाहेरून बोलतो. साहेब शेपूट हलवतो. बिचारा एकटाच राहतो म्हणे. बहीण लांब दिलीय. "आणि तुझ्याबद्दल विचारत होता. म्हणजे मुलीबद्दल. चिडलाय तुझ्यावर," आई म्हणाली. "पण सारखं दवाखान्यातल्या कुठल्या सिस्टरचं कौतुक चालू असतं त्याचं."

सिस्टर अंधाऱ्या माजघरात जाऊन उभी राहिली. आपल्यावर चिडलेल्या माणसाच्या तोंडून आपलंच कौतुक... यावर हसावं की रडावं? अंगात दोन्हीचं त्राण नव्हतं. एवढंच कळलं, की तिसऱ्या डोसचा सोमवार कधी येतो याची ती वाट बघतेय आणि सोमवार येऊ नये असंही तिला वाटतंय.

सोमवारच्या आधी रविवार आला. सकाळी साहेबानं वाडग्याला तोंड लावलं नाही. दुपारीही नाही. झाडाखाली मान खाली घालून तो बसला होता आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

सिस्टरची पाचावर धारण बसली. ती पाच हातांवर उभी राहून बघत होती. पुढं व्हायचं नव्हतं. तिला पक्कं माहीत होतं, असल्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही. सीरम दिलंय, दोन डोस झालेत, उद्याचा तिसरा. त्याला काही होणार नाही... होणार नाही ना? रोज साठ जणांना ती छातीठोक सांगायची, आणि आज स्वतःला सांगताना तिची जीभ अडखळत होती. तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, रविवार आहे, पण येतो. तासाभरात पोचतो. जवळ जाऊ नका.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सिस्टर स्वयंपाकघरात पळाली आणि दाराआड उभी राहिली.

"मावशी, साहेब आज गप्प?"

"झोपलाय रे. ऊन आहे ना," आई म्हणाली.

"खाल्लं का त्यानं?"

आई क्षणभर थांबली. लेकीची नोकरी, लेकीची अब्रू, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. "खाल्लं की. चांगलं वाडगंभर खाल्लं."

"मग बरंय," तो म्हणाला. त्या 'बरंय'मध्ये केवढा सुटकेचा श्वास होता! सहा दिवस हा माणूस हसत होता, दंड कुठला म्हणून विचारत होता, आणि रोज संध्याकाळी आपला जीव वाचलाय का हे बघायला या फाटकाशी येत होता. सिस्टरला ते त्या क्षणी कळलं. दाराआडून तिचे पाय आपोआप बाहेर आले.

"खाल्लं नाहीये. सकाळपासून काहीच खाल्लं नाहीये. लाळ गळतेय. डॉक्टरांना बोलावलंय."

तो बघत राहिला. गणवेश नव्हता, केस विस्कटलेले, पायात काही नाही. "सिस्टर... तुम्ही इथं?"

"कुत्रं माझं आहे. मुलगी ती मीच. त्याची लस पाच महिन्यांपूर्वी व्हायला हवी होती. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी... मी बोलले नाही."

आई "अगं" म्हणाली आणि पदर तोंडाशी नेऊन आत गेली.

त्यानं आधी साहेबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चार शब्द सुनावणार होता. एकही सापडत नव्हता. शेवटी म्हणाला, "मी त्या खोलीत तुमच्याच तोंडावर तुम्हाला नावं ठेवत होतो. आणि तुम्ही कापूस शोधत होतात."

"हो."

"मी घरी जाऊन काय काय विचार करायचो, तुम्हाला माहीतय? तुमच्याबद्दल?"

 तो फाटकाबाहेर गेला. पण निघून नाही गेला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

जनावरांचे डॉक्टर आले. जाड हातमोजे, लांब दांड्याचा फास, मदतीला एक माणूस. साहेबाचं तोंड उघडायला अर्धा तास गेला. मागची दाढ फुटली होती, हिरडी सुजून पू झाला होता. "कितीतरी दिवसांचं दिसतंय हे," ते म्हणाले. "दुखत असणार, म्हणूनच चिडून चावला असेल. लाळही याचीच असावी. पण असावी म्हणतोय मी, आहे म्हणत नाही. दहा दिवस पुरे होऊ द्या." त्यांनी औषध दिलं, आणि जाता जाता सिस्टरला विचारलं, "वर्षातून एकदा तरी दाखवत जा की हो. वडील न चुकता आणायचे."

फाटकाबाहेर उभ्या असलेल्यानं ते ऐकलं. सिस्टरनंही ऐकलं, आणि त्या एका वाक्यानं ती पेरूच्या झाडाखाली उभ्या उभ्या रडली. बाहेर येऊन तिनं त्याला डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, 'असावी' आणि 'आहे' यांसकट. त्यानं ऐकून घेतलं आणि तो गेला.

सोमवारी सकाळी खोली उघडण्याआधीच ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. सगळं सांगितलं. रजिस्टरातली 'माहीत नाही'ची खूण तिनं तांबड्या शाईनं खोडली, 'चुकली' लिहिलं आणि पुढं स्वतःची सही केली. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"लेखी खुलासा द्या. वर पाठवावा लागेल. कंत्राटाचं काय होईल, मी सांगू शकत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "सिस्टर, शेवटची रजा कधी घेतली होती?"

तिला आठवेना.

तो साडेदहाला आला. रांगेत मुकाट बसला, पाळी आल्यावर मुकाट बाही वर केली.

"हवं तर दुसऱ्या सिस्टरना बोलावते," ती म्हणाली.

"नको." तो भिंतीवरच्या फलकाकडे बघत होता. "तुमचा हात हलका आहे."

एवढं रागावून केलेलं कौतुक तिनं आजवर ऐकलं नव्हतं. टोचून झाल्यावर तो म्हणाला, "मी संध्याकाळी येणार आहे. बघायला. तीन दिवस राहिलेत."

"या. आता मी घरी असेन."

तो आला. मंगळवारी फाटकाबाहेर दहा मिनिटं उभा राहिला. ती आत, तो बाहेर, मध्ये निळं फाटक. साहेबानं दोन घास खाल्ले, ते दोघांनी मोजले. बुधवारी आईनं त्याला आत बोलावलं, तो नको म्हणाला. पण जाताना फाटकावर हात ठेवून थांबला. "दाढ दुखली की माणूसही चावतो," म्हणाला. "साहेबांवर माझा राग नाही." सिस्टर म्हणाली, "माहीतय." तो म्हणाला, "तुमच्यावर आहे." ती पुन्हा म्हणाली, "माहीतय." आणि दोघंही तसेच आणखी थोडा वेळ उभे राहिले.

गुरुवारी ती घरी आली तर तो आत पायरीवर बसलेला होता. आईनं ठेवलेली खुर्ची रिकामीच होती. झाडाखाली साहेब वाडगं चाटत होता, आणि वाडग्यात काही उरलेलं नसूनही चाटत होता.

"सगळं संपवलं," तो म्हणाला. "जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. दहा दिवस झाले. ठणठणीत आहे म्हणाले. लस द्यायला परवा आणा म्हणाले."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. ती चपला न काढताच पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. 

"पुढच्या सोमवारचा डोस आता तुम्हाला नाही," ती म्हणाली. "त्यानंतरचाही नाही. आमचे डॉक्टर तसं लिहून देतील. सुटलात तुम्ही."

"असं होय?"

"म्हणजे... यायचं कारण राहिलं नाही. तिकडं पण नाही, इकडं पण नाही."

"तुम्हाला काय वाटतं?" त्यानं विचारलं. विचारताना तो साहेबाकडेच बघत होता.

सिस्टरनं डोळे मिटले. "मला वाटतं तुम्ही यावं. मला गोड बोलता येत नाही. दिवसभर ओरडून संध्याकाळी शब्दच उरत नाहीत माझ्याकडं. पण तुम्ही आलात की मला बरं वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतं. आणि तुमच्याशी खोटं वागले, त्याचं फार वाईट वाटतं. झालं... एवढंच आहे."

 तो घसा खाकरून म्हणाला, "मलाही बोलायचंय. पण माझं जरा लांबलचक आहे."

"बोला ना. ऐकतेय मी."

तो बोलू लागला. "रविवारी घरी गेलो तेव्हा ठरवलं होतं, परत या गल्लीचं तोंड बघायचं नाही. मीटरसुद्धा दुसऱ्याला बघायला लावायचं. इतका राग आला होता, की जेवलोच नाही. मला असं वाटलं, की..." त्याचा आवाज संथ होता, ऊन पायरीवरून हळूहळू उतरत होतं, आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच सिस्टरला कशाचीही भीती वाटत नव्हती.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून गेलेलं होतं. शेजारी चहाचा कप, वर साय धरलेली. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं, आणि तो खांदा इतका ताठ होता की बिचाऱ्यानं बहुधा श्वासही बेतानंच घेतला असावा. ती दचकून सरळ बसली.

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास असेल."

"अहो, उठवलं का नाहीत? तुम्ही बोलत होतात..."

"बोललो की. थांबलोच नाही. सगळं सांगून झालं माझं." त्यानं खांदा हळूच फिरवला. "मावशींनी दारातून अर्धंमुर्धं ऐकलं. चहा ठेवून गेल्या, डोळे पुसत."

सिस्टरला कानापर्यंत रक्त चढल्याचं जाणवलं. "काय सांगितलंत?"

रोज साठ घरांत शिरून बडबडणारा माणूस, आणि आता त्याला चपलेचा अंगठा बघावासा वाटत होता. "तुम्ही जाग्या असताना सांगायला तेवढं सोपं नाही ते."

"मी आता जागी आहे."

"राग होता तो भाग सोडून देतो. बाकीचं सांगू?"

सिस्टर त्याच्याजवळ सरकली आणि तिनं डोकं पुन्हा त्याच खांद्यावर ठेवलं, या वेळी डोळे उघडे ठेवून.

"नको," ती म्हणाली. "रागासकट सांगा. पहिल्यापासून."